आडनाव गुरुदत्त

"चार पिढ्या आणि चार आडनावं," वॉल्ट म्हणाला. पोह्यांची बशी त्याने बाजूला सारली आणि टेबलावर एक भलामोठा कागद उलगडला. "मला सांग मॅनी, माणूस आडनाव केव्हा बदलतो? पोलीस मागे लागतात तेव्हा."

"किंवा बाप पासपोर्ट एजंटाकडे धाडतो तेव्हा," मीनाक्षी स्वयंपाकघरातून मराठीत म्हणाली.

"काय म्हणाली ती?"

"आणखी पोहे हवेत का विचारतेय," मनोहर म्हणाला.

वॉल्टला हवे होते.

वॉल्ट अँडरसन हा या नवराबायकोचा अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातला शेजारी. बायको वारल्यापासून रविवारच्या नाश्त्याला तो न बोलावता येई आणि पोहे हा मूळचा स्कॉटिश पदार्थ असावा इतक्या हक्काने खाई. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे मेलेल्या माणसावरही त्याचा चटकन विश्वास बसत नसे. गेली काही वर्षं तो आपले पूर्वज तपासत होता. मिनेसोटात दगड भिरकावला तर तो एखाद्या अँडरसनला लागतो, आणि तो अँडरसन स्वीडिश असतो. वॉल्ट मात्र स्कॉटिश होता. हे त्याने कितीदा सांगितलं तरी गावातलं स्वीडिश मंडळ दर डिसेंबरात त्याला लुटफिस्क नावाच्या थुलथुलीत माशाच्या जेवणाचं आमंत्रण धाडी. तोही दर डिसेंबरात चिडे आणि जेवून येई.

मनोहरला हे दुःख आतून कळत होतं. त्याचं आडनाव वाचून तेलुगू मंडळ दर उगादीला त्याला आमंत्रण धाडत असे.

वॉल्टच्या घरात एक गोष्ट चालत आलेली होती. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथे वॉल्टचा खापरपणजोबा पीटर याने जमीनदाराच्या कारभाऱ्याला होडीतून समुद्रात ढकललं, आणि नाव बदलून तो अमेरिकेला पळून आला. जुलैमध्ये अँडरसनांचं कुटुंबसंमेलन व्हायचं होतं आणि वॉल्टने त्यासाठी 'फरारी अँडरसन' असं छापलेले टी-शर्ट करून घेतले होते. आता फक्त पीटरचं खरं आडनाव हाती लागायचं राहिलं होतं. पण जसजसा तो मागे जाई तसतसं दर पिढीला आडनाव पालटे. एका माणसाने खून करणं वॉल्टला पसंत होतं. घराण्यातल्या प्रत्येकाने करावा हे त्यालाही जरा जास्त वाटत होतं.

"खरं आडनाव कळल्याशिवाय माणूस कोण आहे हे कसं कळणार?" वॉल्ट म्हणाला.

मनोहरने मान डोलावली. अगदी हाच प्रश्न त्याला नागपूरहून दर आठवड्याला फोनवर विचारला जात असे.

मनोहरचं खरं आडनाव म्हैसाळकर. शाळेत त्याला सगळे 'म्हैस' म्हणत, आणि तो काटकुळा असल्यामुळे जास्तच म्हणत. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी लिहायची रीत आहे: म्हैसाळकर मनोहर गुरुदत्त. गुरुदत्त हे वडिलांचं नाव. वडिलांनी त्याला नागपूरच्या धंतोलीतल्या पासपोर्ट एजंटाकडे धाडलं. एजंटाने दाखला पाहिला, शेवटचा शब्द ते आडनाव असं इंग्रजी गणित केलं, आणि गुरुदत्त आडनावाच्या रकान्यात टाकून दिलं. उरलेलं सगळं पहिल्या नावाच्या रकान्यात गेलं. मनोहरने हरकत घेतली तेव्हा एजंट म्हणाला, "अमेरिकेत कोण विचारून राहिलं बावा?"

अमेरिकेत सगळ्यांनी विचारलं. पहिल्याच दिवशी कंपनीतल्या बाईने कागद पाहिला, 'म्है' पर्यंत आली आणि थांबली. औषधाच्या दुकानात, दंतवैद्याकडे, विमानतळावर कोणी नाव वाचता वाचता थबकलं की आपला नंबर आला हे मनोहरला कळू लागलं. तेव्हा म्हैसाळकर हे आडनाव गेलं होतं असं काही म्हणता येणार नाही. मागच्या दाराने बाहेर काढलेलं ते पुढच्या दारात येऊन बसलं होतं. लोकांनी त्याला मॅनी केलं. गुरुदत्तमधला 'गुरू' तेवढा त्यांना उच्चारता आला, आणि संगणकाच्या धंद्यात गुरू म्हटलं की माणसाला अर्धं काम येतंच असं धरून चालतात, म्हणून त्याने तक्रार केली नाही.

पुढे मीनाक्षीचे कागद त्याच्या कागदांशी जुळवावे लागले आणि ती मीनाक्षी गुरुदत्त झाली. यात काय झालं ते फक्त मराठी माणसालाच कळेल. तिच्या सासूबाईंनी ते पाकिटावर वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि फोनवर विचारलं, "हे काय गं? तुझ्या नावापुढं यांचं नाव कसं?" पुढे हिमानी झाली. ती जन्मतःच हिमानी गुरुदत्त. म्हणजे कागद बघायला गेलं तर मनोहरची धाकटी बहीण. नागपुरात वीज मंडळातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना अमेरिकेत एक जादा बायको आणि म्हातारपणी एक कन्यारत्न झालं होतं, आणि त्यांना ते अजिबात आवडलेलं नव्हतं.

एवढी वर्षं करण्यासारखं काही नव्हतं. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने नाव बदललं तर फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते म्हणतात, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत मनोहरचे केस पांढरे झाले होते. पण आता नागरिकत्वाची मुलाखत आली होती. येत्या मंगळवारी. मुलाखतीत विचारतात, नाव बदलायचंय का? हो म्हटलं की शपथेच्या दिवशी जज त्यावर सही करतो आणि माणूस नव्या नावाने दारातून बाहेर पडतो. या एका प्रश्नाची वडील चोवीस वर्षं वाट पाहत होते.

वॉल्ट गेल्यावर नागपूरला फोन लागला. तिकडे संध्याकाळ होती. मागे कुकरची शिट्टी झाली.

"मंगळवारी ना रे?" वडिलांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"हो बाबा."

"काय सांगणार?"

"म्हैसाळकर सांगायचं म्हणतो."

"म्हणतो म्हणजे काय? सांगतो म्हण. सात पिढ्यांचं नाव आहे ते. एका एजंटाच्या गाढवपणापायी बुडवून राहिला तू."

"मी नाही बुडवलं, बाबा."

"मग कोणी? मी?"

सात पिढ्यांपैकी एकाही पिढीने म्हैसाळ हे गाव पाहिलेलं नव्हतं. ते सांगली जिल्ह्यात कुठेतरी आहे असं सगळे ऐकून होते. पण ही गोष्ट वडिलांना सांगण्यासारखी नव्हती, कारण त्यांनाही ती माहीत होती.

"दारावर पितळी पाटी आहे माझ्या," वडील म्हणाले. "म्हैसाळकर. मी गेल्यावर ती कोणाच्या दाराला लावणार? गुरुदत्त म्हणे! ते काय आडनाव आहे? बापाला नावानं हाक मारल्यासारखं."

नेमका त्याच वेळी मीनाक्षीच्या फोनवर हिमानीचा फोन आला, आणि वडिलांना जरा थांबा म्हणून मनोहरने तो घेतला. ती मिनियापोलिसला एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत असे आणि रविवारी आईबापांना फोन करत असे, दोन्ही कामं सारख्याच सहनशीलतेने.

"बाबा, आईने सांगितलं. यू आर रिअली डुइंग इट?"

"आजोबांची इच्छा आहे, बेटा."

"ओके. पण मग तू म्हैसाळकर, आई म्हैसाळकर, आणि मी? माझी डिग्री, माझं टीचिंग लायसन्स, सगळ्यावर गुरुदत्त आहे. आय ॲम नॉट चेंजिंग."

"तू नको बदलू. तुला कोण सांगतंय?"

"बट देन आय ॲम द ओन्ली वन लेफ्ट विथ इट. तुम्ही दोघं रिअल आणि मी एका टायपोची मुलगी." ती हसली, पण हसणं जरा उशिरा आलं. "शाळेत माझं फॅमिली ट्रीचं युनिट आहे, बाबा. मी बोर्डवर काय काढू?"

एका फोनवर बाप होता आणि एका फोनवर मुलगी, आणि दोघांचं म्हणणं एकच होतं: आमच्यातून जाऊ नकोस.

"दोघांना सांभाळायला बघतोस ना, म्हणून हे होतं," मीनाक्षी बशा धुता धुता म्हणाली. "एकदा कोणाला तरी नाही म्हण. जमेल तुला. मला किती सहज म्हणतोस."

"तुला काय वाटतं? काय करू?"

"मला विचारतोयस?" तिने नळ बंद केला. "मी लग्नाआधी रेखा. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने मीनाक्षी लिहिलं तुम्ही लोकांनी, कारण तुझ्या आत्याचं नाव रेखा होतं आणि घरात दोन रेखा नकोत. आडनाव गेलं ते वेगळंच. इथं आल्यावर सासऱ्यांची बायको झाले. मला कोणी विचारलं, की बाई गं, तुला काय वाटतं? तू कर रे काय ते. मला आता कशानेही हाक मारली तरी मी वळून बघते."

एवढं बोलून तिने नळ पुन्हा सोडला. ती चिडलेली नव्हती. घरात साखर संपलीय हे ज्या सुरात सांगतात त्या सुरात बोलली होती, आणि म्हणून मनोहरला ते जास्त लागलं.

दुपारी तो गॅरेजमध्ये बर्फ उडवायचं मशीन उन्हाळ्यासाठी आवरत होता. एप्रिल उजाडला होता, कडेचा बर्फ काळा पडून आक्रसला होता, आणि या वर्षी पुन्हा पडणार नाही अशी खोटी आशा सगळ्यांना होती. वॉल्ट कागद घेऊन तिथेही आला आणि उलट्या बादलीवर बसला.

"माझ्यापासून पीटरपर्यंत सगळं नीट आहे," तो म्हणाला. "सगळे अँडरसन. पीटरच्या मागे गेलं की दलदल."

"पीटरचं पूर्ण नाव सांग," मनोहर मशीनखालून म्हणाला. त्याचं लक्ष नटाकडे होतं.

"पीटर अँडरसन. हेच पूर्ण नाव."

"हे कसलं पूर्ण? बापाचं नाव?"

मनोहरने हे काही शोध लावायला विचारलं नव्हतं. बालवाडीपासून प्रत्येक खिडकीवर ज्याला 'पूर्ण नाव सांगा' म्हणून दरडावलं गेलं त्याच्या तोंडून ते आपोआप निघतं. बापाशिवाय पूर्ण होणारी माणसं त्याने अमेरिकेत येईपर्यंत पाहिली नव्हती.

"बाप अँड्र्यू," वॉल्ट म्हणाला. "पण तिथेच घोळ आहे. अँड्र्यू मॅन्सन. बाप मॅन्सन, मुलगा अँडरसन. म्हणून मी त्याला दोनदा यादीतून काढून टाकला."

"आणि अँड्र्यूचा बाप?"

"मॅग्नस जेम्सन. बघ, तिसरं आडनाव."

"मग मॅग्नसच्या बापाचं नाव जेम्स असणार."

कागद फडफडायचा थांबला. "जेम्स विल्यम्सन," वॉल्ट सावकाश म्हणाला. "तुला कसं कळलं?"

मनोहर मशीनखालून बाहेर आला. त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. "वॉल्ट, अँडरसन म्हणजे अँड्र्यूचा सन. मुलगा. जेम्सन म्हणजे जेम्सचा. मॅन्सन म्हणजे बहुतेक मॅग्नसचा, घाईत म्हटलेला. यांनी आडनावं बदललेलीच नाहीत. यांना आडनावंच नव्हती. प्रत्येक जण बापाचं नाव लावत होता."

वॉल्टने कागदावरच्या एकेका नावाखालून बोट फिरवलं. सत्तर वर्षं तो अँडरसन हा शब्द लिहीत, ऐकत आणि स्वीडिश लोकांपासून वाचवत आला होता. पण टेबलाला टेबल का म्हणतात हे जसं कोणी विचारत नाही तसं त्या शब्दात कोणी माणूस बसलेला असेल असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

"म्हणजे त्याने कारभाऱ्याला समुद्रात ढकललं नाही?"

"ढकललं असेलही," मनोहर त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाला. "पण आडनावाचा आणि त्याचा संबंध नाही."

"टी-शर्ट छापून झालेत, मॅनी," वॉल्ट म्हणाला आणि कागदाची घडी न घालताच निघून गेला.

सोमवारी संध्याकाळी मनोहर कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवत होता तेव्हा वॉल्ट आपल्या अंगणातून आला. त्याने शेटलंडला कोणा जाणत्या बाईला ईमेल केली होती आणि तिचं उत्तर आलं होतं. मनोहरचं म्हणणं बरोबर होतं. ती तिकडची जुनी रीत होती. मुली तर बापाच्या नावापुढे 'डॉटर' लावत. पुढे एका पिढीत कोणीतरी कंटाळलं आणि जे नाव चालू होतं तेच कायमचं चिकटलं. योगायोगाने तेव्हा अँड्र्यूची पाळी होती.

"म्हणजे ती सगळी माणसं साधी मासे धरणारी होती," वॉल्ट म्हणाला. "कोणाच्या मागे कोणी लागलं नव्हतं."

"वाईट वाटतंय?"

"काल वाटलं." वॉल्टने खिशात हात घातले. "मग मी विचार केला की ती रीत चालू राहिली असती तर मी कोण झालो असतो? माझ्या वडिलांचं नाव हॅरल्ड. म्हणजे मी वॉल्टर हॅरल्डसन." तो शब्द त्याने जिभेवर ठेवून पाहिला. मग पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, समोरच्या रिकाम्या रस्त्याला ओळख करून दिल्यासारखा. "हॅरल्डसन. माझं त्यांच्याशी फारसं पटलं नाही, मॅनी. ते गेल्यापासून घरात हॅरल्ड हा शब्द कोणी काढला असेल असं मला आठवत नाही. आणि असं बघ, ही रीत असती तर मला रोज काढावा लागला असता. बँकेत, डॉक्टरकडे, चेकवर. भांडलेला असो की नसो."

डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, ते मनोहर बसवत राहिला.

"तुझ्या वडिलांचं नाव काय?" वॉल्टने विचारलं. इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच.

"गुरुदत्त."

वॉल्ट आधी गोंधळला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला आणि तो मोठमोठ्याने हसू लागला. "म्हणजे तू शेटलंडचाच की रे!"

मंगळवारी मुलाखतीला मनोहर टाय लावून गेला. मीनाक्षीची मुलाखत पुढच्या महिन्यात होती, पण ती 'कसे प्रश्न येतात ते बघायला' म्हणून सोबत आली आणि बाहेर बसली. अधिकारी बाई दारात येऊन हातातला कागद वाचू लागली. "म्है…" आणि थांबली. मनोहर उठून उभा राहिला.

आत तिने त्याला अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष विचारला, राज्यघटनेबद्दल विचारलं, तो कधी दारूच्या आहारी गेला होता का तेही विचारलं. अशा कागदांवर ज्या स्वच्छ मनाने माणूस 'नाही' म्हणतो तसं त्याने म्हटलं. शेवटी ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "नाव बदलायचंय का?"

"हो," मनोहर म्हणाला.

"नवीन नाव?"

त्याने घरून निघताना ठरवलेलं उत्तर एक होतं आणि गाडीत ठरवलेलं दुसरं. दोन्ही बाजूला ठेवून त्याने मोठा श्वास घेतला. "पहिलं नाव, मनोहर. फक्त मनोहर. मधलं नाव, म्हैसाळकर."

बाईने एकेक अक्षर विचारून टाइप केलं. "आणि आडनाव?"

"ते आहे तेच राहू द्या."

"गुरुडॅट."

"गुरुदत्त. माझ्या वडिलांचं नाव आहे."

"छान," बाई म्हणाली. ती दिवसातून चाळीस वेळा छान म्हणत असावी. पण हे तिने स्क्रीनवरून मान वर करून म्हटलं.

बाहेर आल्यावर मीनाक्षीने सगळं ऐकून घेतलं. "मधे टाकलंस म्हैसाळकरांना? मधल्या सीटवर?"

"खिडकीच्या दोन्ही जागा गेल्या होत्या."

ती हसली. गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात मला विचारतील तेव्हा मी मधे रेखा घालणार आहे. मीनाक्षी रेखा गुरुदत्त. तुझ्या घरच्यांना चालेल ना दोन रेखा?"

"आत्या आता ऐंशीच्या आहेत."

"मग त्यांना सवय होईल," मीनाक्षी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिचं लग्नाआधीचं नाव उच्चारताना तिचा चेहरा कसा होतो, हे मनोहरने पहिल्यांदा पाहिलं. गाडी चालवताना जेवढं बघता येतं तेवढंच.

हिमानीला फोन केला तर ती म्हणाली, "सो आय ॲम नॉट अ टायपो?" आणि मग तिच्या मागे वीसएक पोरांनी एकदम कशावरून तरी गलका केला म्हणून तिला फोन ठेवावा लागला.

नागपूरचा फोन मनोहरने शनिवारपर्यंत लांबवला. शनिवारी वडिलांनीच केला.

"काय झालं?"

"झालं, बाबा. पास झालो. पुढच्या महिन्यात शपथ."

"ते नाही विचारत. नावाचं."

मनोहरने सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टीही झाली नाही.

"मधे," वडील शेवटी म्हणाले. "मधलं नाव कोण वाचतं?"

"कोणी नाही वाचत. पण आहे."

"आणि मागं माझं?"

"हो."

"हिमानीच्याही मागं?"

"तिच्याही. तिची मुलं झाली तर कदाचित त्यांच्याही."

"म्हणजे म्हैसाळकर संपले."

"संपले नाहीत, बाबा. पण तिकडचा कोणी म्हैसाळकर मला दिसला नाही कधी. म्हैसाळला आपलं कोण आहे? मला आपले सात पिढ्यांचे लोक माहीत नाहीत. मला तुम्ही माहीत आहात."

हे वाक्य बोलून झाल्यावर दोघांनाही फार अवघड वाटलं. त्यांच्या घरात अशी वाक्यं बोलायची पद्धत नव्हती.

"तुझी आई बोलून राहिली होती," वडील म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा दूर गेल्यासारखा झाला, "का तिथं लोक मला काय म्हणतात म्हणून. मी म्हटलं, मला कोण ओळखतं तिथं! इथंच कोण म्हणतं? ऑफिसात म्हैसाळकर साहेब. कॉलनीत काका. पोरं बाबा म्हणतात. तुझी आई तर माझं नावच घेत नाही. उखाण्यात एकदा घेतलं असंल, ते बी लोकांनी धरून बसवलं म्हणून. माझी आई हाक मारायची. मागच्या आंगणातून, चुलीपासून. ती गेल्यावर मग नाही कोणी."

मनोहरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हिमानीच्या शाळेतली पोरं तिला काय म्हणतात?" वडिलांनी विचारलं.

"मिस गुरुदत्त."

"रोज?"

"रोज. सगळी एकदम. सकाळी आल्या आल्या."

"बरोबर म्हणतात?"

"गुरुडॅट म्हणतात."

"ते चूक आहे," वडील एकदम निवृत्त अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाले. "डॅट नाही. दत्त. जीभ दाताला लावा म्हणावं. शिक्षिका आहे ना ती? मग शिकवा म्हणावं. एवढं नाव ठेवून राहिले तर नीट तरी म्हणा."

मनोहरने निरोप पोचवला. हिमानीने तो मनावर घेतला, कारण बापाचं फारसं न ऐकणाऱ्या मुली आजोबांचं ऐकतात. तिने तिच्या दुसरीच्या वर्गाकडून आठवडाभर जीभ दाताला लावून घेतली. ओलुफसन आणि हुसेन आणि व्हँग अशा आडनावांची ती पोरं. त्यांच्यातल्या दोघांचे पुढचे दात पडलेले होते आणि त्यांची फार पंचाईत झाली. मग तिने सगळ्या वर्गाचा आवाज फोनमध्ये पकडला आणि तो नागपूरला धाडला.

पुढच्या रविवारी वॉल्ट पोहे खात असताना मनोहरने नागपूरला फोन लावला. आईने उचलला.

"बाबा कुठे आहेत?"

"आहेत ना गॅलरीत. त्या पोरीनं काय पाठवलं कोणास ठाऊक, सकाळपासून तेच लावून बसले आहेत. दूधवाला आला, त्याला ऐकवलं. शेजारच्या परीक्षितला ऐकवलं. मी म्हटलं, अहो, बास आता, बॅटरी संपंल. ऐकतात कुठं? थांब, तुलाच ऐकवते." तिने फोन गॅलरीकडे नेला असावा, कारण रस्त्यावरचे हॉर्न मोठे झाले. मग आई हळूच, कौतुकाने की तक्रारीने ते कळू न देता, म्हणाली, "आणि एक सांगू का? बघ तू आता. दर वेळी."

वीस-बावीस पोरं एका दमात ओरडली. गुड मॉर्निंग, मिस गुरुदत्त! शेवटचा 'दत्त' दातांवर आपटून अगदी नागपूरसारखा आला.

त्यावर गॅलरीतून म्हातारा आवाज आला, "ओ."